ऐकण्याच्या खोलीची वीज: डीबीतून स्वतंत्र लाइन की आयसोलेशनचा खोका?

घराचं काम चालू असेल आणि गिलावा अजून व्हायचा असेल, तर माझं मत आधीच सांगून टाकतो: गाणं ऐकायच्या सिस्टीमसाठी डीबीतून, म्हणजे घरभर वीज वाटणाऱ्या पेटीतून, स्वतंत्र लाइन ओढून घ्या. भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत असाल आणि मालक भिंतीला खिळा मारायलाही नाही म्हणत असेल, तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरचा खोका घ्या. अडचण या दोघांच्या मधल्या माणसाची असते. घर स्वतःचं, भिंती रंगवून झालेल्या, सिस्टीमवर बऱ्यापैकी पैसे घातलेले, आणि आता कुणीतरी डोक्यात भरवलंय की वीज ‘स्वच्छ’ केल्याशिवाय ॲम्प्लिफायर खुलणार नाही. मी पणजीत भाड्याने होतो तेव्हा काही वर्षं खोका वापरला. फोंड्याकडचं घर दुरुस्त करताना लाइन घेतली आणि मधल्या काळात दोन्ही एकत्रही चालवून पाहिलं. माझ्याकडे एक मल्टिमीटर आहे आणि दोन कान. पुढचं सगळं त्यांच्या भरवशावर आहे, तेव्हा त्या बेतानेच घ्यावं.

लाइन म्हणजे काय ते वाचणाऱ्यांना ठाऊक असेलच: डीबीत तिचा स्वतःचा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), तिथून खोलीपर्यंत मध्ये कुठेही जोड न देता ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, फेज, न्यूट्रल आणि अर्थ एकाच पाइपातून, शेवटी १६ अँपिअरचे दोन-तीन सॉकेट. आमच्या वायरमनला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘‘बाब, एसीक चार एमेम लायतात, टेपाक कित्याक?’’

त्याचं म्हणणं खोटं नाही. हिशेबच करायचा तर डीबीपासून खोली १५ मीटरवर धरा, म्हणजे जाऊन-येऊन ३० मीटर तार. अडीचच्या वायरचा रोध किलोमीटरला ८ ओहमच्या आसपास, चारच्या वायरचा ५ ओहमच्या. पाच अँपिअर ओढले तरी पहिलीत सव्वाएक व्होल्ट पडेल, दुसरीत पाऊण. २३० व्होल्टमध्ये अर्ध्या व्होल्टचा हा फरक ऐकू येतो असं कुणी सांगितलं तर मी वाद घालणार नाही, पण चहा झाल्यावर विषय बदलेन. ॲम्प्लिफायर वीज सलग ओढत नाही, लाटेच्या माथ्यावर झटक्यांनी ओढतो, त्यामुळे जाड वायरला थोडा अर्थ आहे. पण मला विचाराल तर फायदा जाडीपेक्षा जोड नसण्याचा जास्त आहे.

जुन्या घरात वायर एका प्लगवरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर अशी लूप मारत गेलेली असते. पावसाळा संपला की मेन बंद करून अशा एखाद्या पॉइंटची प्लेट उघडून बघा. स्क्रूखालचे तांब्याचे धागे काळे पडलेले, कडेला हिरवट थर, आणि स्क्रू पाव फेरा सहज फिरतो. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांना हे नवीन नाही, पण आमच्याकडे आत फोंड्यातही तेच दिसलं. याच साखळीवर पुढे मिक्सर, इस्त्री, फ्रिज. सैल जोडावर बारीक ठिणगी उडते आणि स्पीकरमधून कुरकुर येते. ही कुरकुर महागड्या पॉवर कॉर्डने जात नाही. जोडच नसेल तर ती उद्भवत नाही, एवढं सरळ आहे.

आता खोक्याची बाजू, आणि ती प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण पणजीत त्याने मला खरंच वाचवलं. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरमध्ये येणारी आणि जाणारी वाइंडिंग तांब्याने जोडलेली नसतात, वीज फक्त चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जाते. त्यामुळे फेज आणि न्यूट्रल या दोन्हींवर एकदम स्वार होऊन येणारा गोंगाट बराचसा अलीकडेच थांबतो. चांगल्या खोक्यात पुढे फिल्टर आणि सर्ज, म्हणजे व्होल्टेजची अचानक आलेली उसळी, अडवणारं काहीतरी असतं. फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांच्या फॅनचा जुना गोल फिरवायचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर माझ्या फोनो स्टेजमध्ये (टर्नटेबलचा बारीक सिग्नल वाढवणाऱ्या भागात) बारीक करवतीसारखा वाजायचा. खोका लावल्यावर तो गेला. कमी झाला असं म्हणत नाही, गेलाच. लाइन हे करू शकली असती का, याची मला शंका आहे. इमारतीचा न्यूट्रल सगळ्यांचा एकच, आणि आपल्या डीबीच्या अलीकडे जो कचरा आहे तो नवीन वायरमधूनही तितक्याच सुखाने येतो. फ्रिजचा टक्‌सुद्धा माझ्या लाइनवर पूर्ण थांबलेला नाही. पुष्कळ मंद झाला आहे, आणि त्यातलं निम्मं श्रेय थ्री-फेजला: फ्रिज आणि विहिरीचा पंप एका फेजवर, एसी दुसऱ्यावर, ऐकण्याची खोली तिसऱ्यावर.

मग खोका का सोडला? घुमण्यामुळे.

ट्रान्सफॉर्मर घुमतो, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी फारसं मनावर घेत नाही. ५० हर्ट्‌झच्या विजेवर गाभ्याचं पोलाद सेकंदाला १०० वेळा ताणतं-सुटतं, म्हणून आवाज १०० हर्ट्‌झचा. आता ऐकण्याच्या दृष्टीने बघा. पुष्कळ पुरुष गायक काळी एकमध्ये गातात. त्या पट्टीचा मंद्र पंचम येतो साधारण १०४ हर्ट्‌झवर. म्हणजे खोक्याचा स्वर त्या पंचमाच्या किंचित खाली, अर्ध्या स्वराहून थोडा कमी उतरलेला. गायक आलापाला बसलाय, मागे दोन तानपुरे पंचमात लावलेले, आणि खोलीच्या कोपऱ्यातून तिसरा एक तानपुरा बेसूर पंचम धरून बसलाय. तो छेडला जात नाही, थांबतही नाही. षड्ज लागल्यावर क्षणभर जी शांतता असते, तिच्यात नेमका तोच ऐकू येतो.

रॉकच्या रेकॉर्ड ऐकणाऱ्या माझ्या एका मित्राला हा आवाज दाखवून द्यावा लागला, आणि दाखवल्यावरही त्याने खांदे उडवले. केसरबाई केरकरांच्या ७८ आरपीएमवरून उतरवलेलं गाणं लावलं की मलाही तो त्रास होत नाही, तबकडीची खरखर सगळं झाकते. पण मैफलींची जुनी ध्वनिमुद्रणं रात्री हळू आवाजात ऐकायची माझी सवय, आणि खोका नेमका रात्रीच चढतो. दहानंतर आजूबाजूचा भार उतरतो, व्होल्टेज वर जातं, गाभा चुंबकत्वाने भरत येतो आणि घुमणं वाढतं. वाडीत कुणी हेअर ड्रायर अर्ध्या वेगावर लावला, तर तो वेगळाच घोगरा सूर काढतो: काही ड्रायर अर्धीच लाट वापरतात, त्याने विजेत थोडा डीसी शिरतो, आणि टोरॉइडला, म्हणजे कड्याच्या आकाराच्या गाभ्याच्या ट्रान्सफॉर्मरला, तो अजिबात चालत नाही. मी खोक्याखाली रबर घातलं, जाड फोम घातला, शेवटी त्याला पॅसेजमध्ये नेऊन ठेवला आणि तिथून दाराखालून लांब वायर आणली. पॅसेजमधून आई ओरडली की रात्रभर भुंगा फिरतोय.

आता कुणी म्हणेल की घुमणारा खोका खराब असतो, चांगला घ्यायचा. असेलही. अधिक क्षमतेचा, गाभा सैल न ठेवता भरून काढलेला ट्रान्सफॉर्मर खरोखर शांत असतो, मी एकाकडे ऐकलाय. त्याच्या किमतीत मात्र माझी लाइन, नवीन डीबी आणि नवीन अर्थिंग मिळून झालं असतं आणि वर थोडे उरलेही असते.

आणखी एक गोष्ट दुकानात सांगत नाहीत. आयसोलेशनच्या पलीकडची बाजू अर्थपासून सुटी ठेवलेली असेल, तर डीबीतल्या ३० मिलिअँपच्या आरसीसीबीला (वीज गळू लागली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचला) पलीकडचा दोष दिसतच नाही. उंदराने वायर कुरतडली, फेज धातूच्या डब्याला लागली, तरी तो पडणार नाही. खोका घेणार असाल तर त्याची पलीकडची बाजू कशी जोडली आहे हे एकदा जाणकाराकडून बघून घ्या.

लाइनचे दोष मोजायचे तर पहिला म्हणजे फोडाफोड. चिऱ्याच्या भिंतीत कटर मारणं हा प्रकार ज्यांनी पाहिलाय त्यांना समजेल. चिरा सरळ कापला जात नाही, ढेपाळतो, आणि लाल धूळ आठवडाभर पुस्तकांच्या पानांतून निघत राहते. मातीत बांधलेल्या जुन्या भिंतीला आडवी खाच तर मारूच नये. आम्ही पाइप वासे-कौलांच्या खालून फिरवला आणि फक्त शेवटी सॉकेटपर्यंत उभा खाली आणला. भिंती रंगवून झालेल्या असतील तर पांढरी केसिंग पट्टी लावा. दिसायला वाईट, पण ऐकायला काही फरक नाही.

दुसरा दोष मोठा: लाइन तुमचं रक्षण करत नाही. व्होल्टेज १९० वर आलं तर लाइनवरही १९०च येणार. थ्री-फेजच्या घरात न्यूट्रल तुटला, तर एखाद्या फेजवर ३०० च्या वर व्होल्टेज चढू शकतं, आणि ते जोड नसलेल्या सुंदर वायरमधून थेट तुमच्या ॲम्प्लिफायरमध्ये जाईल. (साधा आयसोलेशनचा खोकाही १९० ला १९०च देतो, हे विसरलं जातं. व्होल्टेज सावरणारा स्टॅबिलायझर ही वेगळी वस्तू.) म्हणून डीबीत जास्त-कमी व्होल्टेजला तोडणारं उपकरण आणि टाइप २ सर्ज प्रोटेक्टर हे लाइनच्या खर्चातच धरा, वेगळी चैन म्हणून नव्हे. आणि मे अखेरीस गडगडायला लागलं की प्लग काढून ठेवा. ऑक्टोबरात परत तेच. याला अजून पर्याय निघालेला नाही.

अर्थिंगवर मात्र दोघांचाही जीव अवलंबून आहे. आमची जांभ्याची जमीन एप्रिल-मेमध्ये कोरडी ठणठणीत, तिचा रोध चढतो. मग सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि कोळसा-मिठाच्या खड्ड्यातलं मीठ धुऊन नेतो. उन्हाळ्यात खड्ड्याला पाणी घाला, दोन-तीन वर्षांनी मोजून घ्या. सिस्टीमसाठी वेगळा रॉड ठोकून तो घराच्या अर्थिंगला न जोडण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. जवळ वीज पडली की दोन अर्थांच्या मध्ये हजारो व्होल्टचा फरक उभा राहतो, आणि तो भरून निघायचा रस्ता तुमच्या आरसीए केबलमधून, म्हणजे उपकरणांमधल्या सिग्नलच्या तारेतून, जातो.

दोन लाइन घ्याव्यात का, एक डिजिटलला आणि एक ॲम्प्लिफायरला? माझं मत नको. दोन लांब अर्थ वायरी आणि त्यांना मध्येच जोडणारी सिग्नल केबल म्हणजे घुमणाऱ्या लूपची तयार रेसिपी. सगळं एका लाइनवर, जमल्यास एकाच पट्टीवर. ब्रॉडबँडची किंवा डिशची केबल सिस्टीमला लागते तिथेही तीच गंमत होते, आणि ती खोक्यानेही जात नाही, लाइननेही नाही. टर्नटेबल वापरणाऱ्यांनी खोका कार्ट्रिजपासून (सुई धरणाऱ्या भागापासून) दूर ठेवावा. मूव्हिंग कॉइल प्रकारची कार्ट्रिज अर्धा मिलिव्होल्टसुद्धा धड देत नाही, शेजारच्या ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र ती आनंदाने उचलते.

एमसीबी सी-कर्व्हचाच सांगा. मोठा टोरॉइड सुरू होताना घेतलेला झटका बी-कर्व्ह सहन करत नाही, आणि मग वायरमन दर वेळी तुमच्या ॲम्प्लिफायरकडे संशयाने बघतो. इन्व्हर्टरची वायर या पाइपात येऊ देऊ नका. स्पीकरची वायर समांतर नेऊ नका, ओलांडायची वेळ आली तर काटकोनात ओलांडा.

तेव्हा मधल्या माणसाने काय करावं? आधी लाइनचा खर्च विचारा, तो धसका घेण्याइतका नसतो. लाइन झाल्यावर महिनाभर ऐका. पावसाळ्यातला महिना मिळाला तर उत्तम, आरसीसीबीचंही कळेल, कारण फिल्टरवाली प्रत्येक वस्तू अर्थमध्ये थोडी थोडी गळत असते आणि जुलैच्या ओलीत त्या सगळ्यांची बेरीज कधी कधी अंगावर येते. एवढं करूनही शेजारच्या इमारतीतला गोंगाट राहिला, तर खोका जरूर घ्या. पण घेताना तो रात्री दहानंतर स्वतःच्या खोलीत, तानपुरा लावून ऐकायची मुभा मागा. दुकानात एसी चालू असतो, रस्ता वाहत असतो, तिथे कुठलाच खोका घुमत नाही.