मुंबई ते न्यूयॉर्क: सरळ जावं की मध्ये उतरून?

आईला घेऊन मी दोन्ही तऱ्हांनी गेलोय. पहिल्या खेपेला आखातात विमान बदलून, दुसऱ्या खेपेला मुंबईहून सरळ. सांगली-मिरजेकडून लेकीकडे, मुलाकडे निघालेले बरेच जण हेच विचारतात, म्हणून लिहितो.

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. दुबईला उतरलात तर आधी १,९०० आणि पुढे ११,०००, म्हणजे जास्तीचे जेमतेम ४०० किलोमीटर. आपल्या सांगली-मुंबई रस्त्याएवढे. हवेतल्या वेळेतही फार तफावत नाही. सरळ विमानाला १६ तासांच्या आसपास, दुबईमार्गे आधी तीन-सव्वातीन आणि पुढे चौदा. शिवाय एप्रिल २०२५पासून पाकिस्ताननं त्यांची हवाई हद्द भारतीय विमानांना बंद केली, तेव्हापासून आपल्याकडच्या कंपन्यांच्या विमानांना समुद्रावरून वळसा घालावा लागतो. येताना वारा पाठीशी असतो, तासभर तरी वाचतो.

मध्ये उतरण्याचे फायदे आहेतच. तिकीट बहुधा स्वस्त पडतं, आणि १६ तास एका जागी बसून गुडघे आखडतात, ते टळतं. अबुधाबीहून गेलात तर अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं. तरुण माणसाला मी हाच मार्ग सांगेन.

पण आमची गोष्ट वेगळी होती. विमान मध्यरात्रीनंतरचं, त्यामुळे घर सकाळी ११ला सोडलेलं. पेठ नाका, कराड, खंबाटकी, पुणे करत मुंबई गाठेपर्यंत आई थकून गेली होती. पहिल्या विमानात जेवण आलं, ताटं उचलली, तिचा डोळा लागला आणि उतरायची घोषणा झाली.

मधल्या विमानतळावर आईला व्हीलचेअर होती. माणसानं तिला इतर वृद्धांच्या रांगेत नेऊन बसवलं, आमचे बोर्डिंग पास काउंटरवर ठेवून घेतले आणि तो गेला. खुर्ची मी ढकलायची नाही, असा तिथला नियम. दीड तास कुणी आलं नाही. विमानाला ४० मिनिटं उरली तेव्हा मी काउंटरवर तिसऱ्यांदा गेलो. परत आलो तर आई हळूच म्हणाली, "अरे, मला मघापासून बाथरूमला जायचंय." मी एकसारखा धावपळ करतोय हे बघून तिनं सांगितलंच नव्हतं. ते वाक्य अजून मनातून जात नाही.

दर वेळी, प्रत्येक ठिकाणी असं होईल असं नाही. आमच्या शेजारच्या काका-काकूंना तिथेच उत्तम मदत मिळाली. तुमचा अनुभवही चांगला असू शकतो.

दुसऱ्या खेपेला सरळ विमान घेतलं. माणशी १८ हजार जास्त गेले. आईसाठी आतल्या वाटेवरची, स्वच्छतागृहाजवळची सीट आधीच धरून ठेवली. ती जागी असताना दर दोन-अडीच तासांनी तिला उठवून वाटेत चार फेऱ्या मारायला लावल्या, पायात डॉक्टरांनी सांगितलेले घट्ट मोजे होते. पाय सुजले, पण थोडेच. मधल्या वेळेत ती पाच तास सलग झोपली. न्यूयॉर्कजवळच्या नेवार्क विमानतळावर बहीण समोर आली तेव्हा आईनं पिशवीतला भडंगाचा पुडा स्वतःच्या हातानं काढून तिला दिला. आधीच्या खेपेला तो पुडा चार दिवस बॅगेतच राहिला होता.

पुढच्या मे महिन्यासाठी सरळ विमानाचंच तिकीट बघतोय.