माळरानावर दहा मीटरचा पट्टा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

माझ्याकडे चिंगी नावाची साडेतीन वर्षांची कुत्री आहे. ती निम्मी कारवानी या शिकारी जातीची आहे, म्हणजे लांब पायांची, अरुंद तोंडाची आणि वासापेक्षा नजरेवर अधिक विसंबणारी. लांबवर काही हलले की तिचे कान मागे जातात आणि मग मालकाची हाक तिच्यापर्यंत पोहोचत नाही. सोलापूर शहरातल्या गल्लीत अशा कुत्र्याला सांभाळणे फारसे अवघड नसते. परंतु आठवड्यातून दोन-तीन वेळा आम्ही बार्शी रस्त्याला नान्नजच्या अलीकडच्या गायरानात किंवा तुळजापूर रस्त्यावरच्या हिप्परगा तलावाच्या बाजूला फिरायला जातो आणि तिथे काळवीट, खोकड, टिटव्या आणि धनगरांची मेंढरे हे सगळे एकाच माळावर असतात. त्यासाठी मी गेल्या दसऱ्याच्या सुमारास दहा मीटर लांबीचा पट्टा ऑनलाइन मागवला. अशा पट्ट्या अनेक उत्पादक जवळपास एकसारख्याच करतात, म्हणून नावापेक्षा वस्तूचे वर्णन देणे मला अधिक उपयोगाचे वाटते: पॉलिएस्टरच्या विणलेल्या पट्टीवर गुळगुळीत प्लास्टिकचा थर, रुंदी 16 मिलिमीटर, एका टोकाला फिरती कडी, रंग भगव्याकडे झुकणारा, किंमत 1,150 रुपये.

हा खर्च करण्यामागे एक प्रसंग आहे. गेल्या वर्षी ऑगस्टअखेर चिंगी मोकळी असताना गवतातून एक हरिणी उठली आणि चिंगी तिच्यामागे गेली. तासाभराने ती परतली तेव्हा तिच्या पंज्यातून रक्त येत होते आणि कानात कुसळे रुतली होती. हरिणीचे काय झाले ते मला कळले नाही, आणि तेच अधिक बोचत राहिले, कारण काळवीटाचे पाडस पहिले काही दिवस आईच्या मागे न धावता गवतात दडून राहते आणि पळवून लावलेली आई त्याच्यापासून किती दूर गेली हे कोणी सांगू शकत नाही. कायद्याच्या बाजूनेही हे क्षुल्लक नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 मधील ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत केवळ मारणे नव्हे, तर प्राण्याचा पाठलाग करणे, त्याला हाकणे आणि तसा प्रयत्न करणेही येते, आणि काळवीट पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. ‘कुत्र्याने केले, मी नाही’ हे उत्तर तिथे किती टिकेल याविषयी मला तरी भरवसा वाटत नाही.

आता पट्ट्याविषयी. आपल्या भागात पहिली परीक्षा कुसळांचीच होते. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात कुसळी गवत वाळले की साध्या नायलॉनच्या पट्टीत शेकडो कुसळे अडकतात आणि घरी आल्यावर ती एकेक उपसत बसावी लागतात. या गुळगुळीत पट्ट्यावर एकही कुसळ टिकले नाही. परतीच्या पावसात काळी माती मात्र त्यावर थापली जायची, परंतु बादलीभर पाण्यात बुडवून फडक्याने एकदा ओढून घेतला की पट्टा कोरडा आणि स्वच्छ होतो, त्याला कुबट वासही येत नाही. वजन जवळपास पाऊण किलो भरते. चिंगीला ते जाणवत नाही, पण गुंडाळी खांद्यावर घेऊन तासभर चालणाऱ्या माणसाला जाणवते. ओला झाला की तो हातातून सटकतो, म्हणून मी दर दोन मीटरवर एक सैल गाठ मारून ठेवली आहे. उत्पादकाने पकडीसाठी अशी काही सोय स्वतःच करायला हवी होती.

खरी तक्रार कडीची आहे. तिसऱ्या महिन्यात बारीक धूळ आत जाऊन तिची स्प्रिंग अडकू लागली आणि एके सकाळी कडी अर्धवट उघडी राहिलेली मला गाडीपाशीच दिसली, म्हणून पुढचा अनर्थ टळला. विक्रेत्याला कळवले तेव्हा ‘तेल घाला’ असे एका ओळीचे उत्तर आले. मी हार्डवेअरच्या दुकानातून 180 रुपयांची पितळी फिरती कडी आणून चांभाराकडून बसवून घेतली, त्यानंतर त्रास नाही. पट्ट्याच्या भरवशावर हरणांच्या मुलखात जायचे असेल, तर इथे काटकसर करू नये.

वापरण्याची रीत पाकिटावर कुठेच दिलेली नाही, ती शिकायला मला महिना लागला. एवढा लांब पट्टा गळपट्ट्याला कधीही जोडू नये, कारण दहा मीटर धावून आलेला वीस किलोचा प्राणी एकदम थांबला तर सगळा झटका मानेवर बसतो. छातीवरून जाणारा हार्नेसच हवा. पट्टा हाताला गुंडाळू नये. आणि मुख्य म्हणजे दहा मीटर ही कुत्र्याला द्यायची हक्काची जागा नव्हे. नजर पोहोचेल इतका मोकळा माळ असेल तेव्हा पूर्ण लांबी, गवत गुडघ्याएवढे झाले की चार मीटर आणि जनावरे दिसली की कोपरापाशी, असा माझा क्रम आता ठरून गेला आहे. बटण दाबून आत-बाहेर होणाऱ्या दोरीच्या पट्ट्याशी याची तुलना होते, परंतु ती बारीक दोरी बाभळीच्या झुडपात अडकते आणि मांडीला घासली तर कातडी सोलवटते. माळासाठी मी ती विचारातही घेणार नाही.

एप्रिलमधल्या एका सकाळी या पट्ट्याचे मोल मला नीट समजले. दोन टिटव्या आमच्या डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागल्या, म्हणून मी चिंगीला जवळ ओढून जागीच थांबलो. बराच वेळ पाहिल्यावर तीन पावलांवर खड्यांच्या उथळ वळ्यात चार अंडी दिसली, मातीच्या रंगाची, काळ्या ठिपक्यांची. आधी मी त्यांच्यावर नजर टाकूनही ती मला दिसली नव्हती. टिटवी, धाविक, पखुर्डी आणि माळावरचे चंडोल जमिनीवरच घरटे करतात. पक्ष्याला अंड्यांवरून उठवले तरी मेच्या उन्हात अंडी भाजून निघू शकतात, त्यासाठी कुत्र्याने ती खाण्याचीही गरज नाही. आम्ही आल्या वाटेने मागे फिरलो आणि पुढचे दोन महिने ती बाजू सोडून दिली.

मेंढरांच्या बाबतीत पट्टा अर्धेच काम करतो. जानेवारीत कारंब्याच्या बाजूला एका शेतात मेंढरे बसवली होती आणि पट्ट्यात असलेली चिंगी नुसती उड्या मारत होती, तरी कळप एका अंगाला सरकू लागला. धनगर मामा काठी टेकून म्हणाले, “साहेब, मेंढरं गाभण हायती. तुमचं कुत्रं खेळतंय, पण मेंढराला कुठं कळतंय त्ये खेळ हाय म्हणून?” मी म्हणालो, “चुकलं मामा,” आणि लांबून वळसा घेतला. कळपासोबतची राखणीची कुत्री समोर आली तर लांब पट्टा उलट धोक्याचा ठरतो, कारण दोन कुत्र्यांच्या पायांत त्याचा गुंता होतो. कळपाकडे पाठ न करता हळूहळू मागे सरणे हाच उपाय.

शिवाय जे पट्ट्याने अडत नाही, तेही आहे. कुत्र्याच्या विष्ठेतून फीतकृमींची अंडी चराऊ रानात पडली तर एका जातीच्या कृमीची गाठ मेंढीच्या मेंदूत तयार होते आणि मेंढरू एकाच जागी गरगर फिरू लागते. म्हणून पट्ट्याच्या मुठीला पिशव्यांची गुंडाळी बांधलेली असते आणि दर तीन महिन्यांनी चिंगीला जंताचे औषध दिले जाते. रेबीज आणि डिस्टेंपर (कुत्र्यांचा एक विषाणूजन्य रोग) यांची लस हीसुद्धा माळावर जाण्याची अटच समजावी. 2018 मध्ये गीरमध्ये 20 हून अधिक सिंह दगावले, त्यामागे डिस्टेंपरचा विषाणू आढळला होता, आणि आपल्याकडे लांडगा व खोकड यांनाही तो होऊ शकतो. कुत्री माजावर असेल तेव्हा मी तिला शहराबाहेर नेतच नाही, कारण पुणे जिल्ह्यात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर जनुकीय तपासणीतून सिद्ध झालेला आहे.

नान्नज परिसरातल्या, 1979 साली जाहीर झालेल्या माळढोक अभयारण्याच्या राखीव गवताळ पट्ट्यांत मात्र कितीही चांगला पट्टा असला तरी कुत्रे नेऊ नये. आम्ही बाहेरच्या गायरानावर आणि ओळखीच्या शेतांच्या बांधांवरच फिरतो, आणि तेही मालकाला विचारून.

कडीचे 180 रुपये धरून हा पट्टा मला 1,330 रुपयांना पडला. आठ महिन्यांनंतर त्याचा थर कुठे तडकलेला नाही, रंग थोडा उडाला आहे. वाकळ शिवावी तशी दुहेरी शिवण असलेले कडीचे टोक दर पंधरा दिवसांनी तपासतो. पाचपैकी साडेतीन गुण देईन, कडी चांगली असती तर साडेचार दिले असते. हिप्परग्याच्या काठावर हिवाळ्यात पट्टकदंब हंस उतरतात तेव्हा तिथे दहा मीटर फार होतात, त्यासाठी याच प्रकारचा पाच मीटरचा दुसरा पट्टा मी मागवला आहे, या वेळी कडीशिवाय.