बान्ह मी: चिकनवाला का 'चाय'वाला?

नागपूरहून व्हिएतनामले जाताय अन् डुक्कर खात नसाल तर नुसतं चिकन बान्ह मी (तिकडचा भरलेला पाव, सँडविचसारखा) सांगून भागत नाही बरं, पावाले आतून जो पाते (वाटून केलेला मऊ लेप) लावतात तो बहुतेक डुकराच्या लिव्हरचा असतो, अन् चा लुआ नावाच्या सॉसेजचे फिकट काप दिसतात चिकन सॉसेजसारखे पण तेही डुकराचंच. म्हणून 'खोंग पाते, खोंग थित हेओ' (पाते नको, डुकराचं मांस नको) सांगाच, हनोईकडे हेओऐवजी 'लॉन'. तरी डुक्कर कापायची अन् आपला पाव कापायची सुरी तीच, हे मले खटकतं.

'चाय' म्हणजे तिकडे शाकाहारी, बौद्ध लोक पौर्णिमेला वगैरे खातात ते. टोफू-मशरूमचा. चायच्याच दुकानातून घ्या, तिथं पातेही मशरूमचा वगैरे. मोमिनपुऱ्यातल्या मित्राले मी हाच सांगितला, चिकनवाला फक्त हलाल दुकानात.