पाचशे लिंकांचे ₹48,990

मी अडाणी नाही. बीकॉम झालोय, जीएसटीचं रिटर्न स्वतः भरतो. तरी फसलो, तेही पुरावा डोळ्यांसमोर असताना.

सावद्याला आमचा केळी वेफर्सचा धंदा आहे. वेबसाइटवरून दिवसाला सात-आठ ऑर्डरी यायच्या. तेवढ्यात बॅकलिंक विकणारा एक जण भेटला. बॅकलिंक म्हणजे दुसऱ्यांच्या साइटवरून आपल्या साइटकडे येणारी लिंक; अशा लिंका पाहून गूगल आपल्याला वर दाखवतं. बोलणं त्यांचं ठरलेलं: तीन महिन्यांत गूगलच्या पहिल्या पानावर, गॅरंटी. त्याच दिवशी ₹18,500 पाठवले. अशी गॅरंटी कोणीही देऊ शकत नाही. जो देतो त्याला दारातूनच वाटेला लावा.

महिन्याने पाचशे लिंकांची एक्सेल शीट आली. रात्री पहिली उघडली, तर जुगाराची साइट, सगळी रशियन अक्षरं. आमचं नाव कुठेच दिसेना. माऊस ओढून पान सिलेक्ट केलं, तेव्हा तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘केळी वेफर्स’ उमटलं. कोणाला दिसूच नये म्हणून लिहिलेलं! दुसरी तशीच. तिसरीला 404, म्हणजे पानच सापडत नाही. फोन केला तर म्हणतो, “भाऊ, हे माणसांसाठी नसतं, गूगलसाठी असतं.” आणि मी गप्प बसलो. तिथेच थांबायला हवं होतं. पण श्रावण तोंडावर होता, उपवासाची गिऱ्हाइकी डोळ्यांसमोर होती. आणखी ₹24,000 दिले. माझ्या जागी तुम्ही असता तर? त्याच्या रिपोर्टमध्ये ‘डोमेन ऑथॉरिटी’, म्हणजे साइटचं वजन सांगणारा आकडा, वाढलेला दिसत होता. तो आकडा गूगलचा नसतोच, हे मला कोणी सांगितलं होतं?

ऐन श्रावणात सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे गूगल साइटमालकाला साइटची खबर देतं तिथे, नोटीस आली: अनैसर्गिक लिंक, मॅन्युअल ॲक्शन. म्हणजे गूगलच्या माणसांनीच साइटवर केलेली कारवाई. त्या आठवड्यात सगळ्या मिळून तीन ऑर्डरी. सर्च कन्सोल फुकट आहे, स्वतः उघडत जा. लिंका ‘साफ’ करायला त्यानेच पुन्हा ₹5,500 आणि जीएसटी ₹990 घेतले. लॉगिन त्याच्याकडे होतं, काय करणार? जीएसटी क्रमांक आजतागायत दिला नाही. आता फोन बंद.

सगळ्यात जास्त झोंबतं ते वेगळंच. त्याने पानांचे पत्ते बदलले आणि जुन्या पत्त्यावर आलेल्याला नव्या पत्त्यावर नेणारं रिडायरेक्ट लावलंच नाही. पुण्याच्या एका ताईंनी आमचे वेफर्स खाऊन स्वतःहून लिहिलं होतं, लिंक दिली होती. एक पैसा न देता मिळालेली खरी लिंक. आज तिच्यावर क्लिक केलं की 404.

पोलीस ठाण्यात अडीच तास बसवलं. “लिंक म्हणजे काय? पैसे तुम्हीच पाठवले ना?” सायबरवाले म्हणाले, पाचशे ठरल्या, पाचशे मिळाल्या, मग फसवणूक कसली? ग्राहक आयोगात जा. बँक म्हणते, पिन तुमचाच. अर्जाची पोच मागितली तर साहेब जेवायला गेलेत. दुसऱ्या दिवशी गेलो, साहेब बंदोबस्तात. तिसऱ्या दिवशी अर्जच सापडेना! पैसे गेल्या गेल्या 1930 वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, माझ्यासारखे दोन महिने थांबू नका. पोच घेतल्याशिवाय उठू नका. पासवर्ड कोणाला देऊ नका.

आता भाच्याला घेऊन रोज रात्री एकेका साइटला लिंक काढा म्हणून मेल टाकतोय. दाद देत नाहीत त्यांची नावं डिसअव्हाउच्या फायलीत, म्हणजे ‘या लिंका धरू नका’ असं गूगलला सांगणाऱ्या यादीत, घालतोय. काल एकाचं उत्तर आलं: लिंक काढायचे ₹900.