माल एक नंबर, ड्रॉपर भंगार: आयसोअमाईल अ‍ॅसिटेट (केळ्याच्या वासाचा एसेन्स) काही महिने वापरल्यावर

ड्रॉपरचा रबरी फुगा सुजून चिकट झाला आणि दाबल्यावर परत वर यायचं नाव घेईना, तेव्हा विक्रेत्याला फोटो पाठवला. उत्तर आलं, 'बाटली थंड जागी ठेवलेली नसावी.' अहो, थंड जागेचा इथे काय संबंध? ही वस्तू मुळात सॉल्व्हंट आहे, म्हणजे दुसरे पदार्थ विरघळवणारं द्रव, नायट्रोसेल्युलोजच्या लॅकरमध्ये (चकचकीत लेपात) घालतात, आणि तुम्ही तिच्या डोक्यावर साध्या रबराची टोपी चढवून विकताय. बाटली नुसती उभी असली तरी वाफ वर जाऊन रबरात मुरते. रबर सुजतं, मग त्यातलं काय काय उलट खाली मालात उतरत असेल ते वेगळंच. खाण्यात घालायच्या वस्तूला हे चालतं का, एवढंच विचारलं होतं. त्यावर पुन्हा तेच थंड जागेचं उत्तर, कॉपी-पेस्ट.

असो. ज्यांनी हे घ्यायचं ठरवलंय त्यांना केळ्याच्या गोळ्यांचा वास म्हणजे हाच, हे माहीतच असेल. मी फूड ग्रेडची ५० मिली घेतली, घरी गोळ्या, जेली, आइस्क्रीम यात घालायला. लॅबसाठी किंवा इंडस्ट्रियल म्हणून येणारा माल स्वस्त दिसतो म्हणून खाण्यासाठी घेऊ नका. रेणू तोच असला तरी बाकी काय काय सोबत आलंय याची हमी त्यात कुणी देत नाही. कंजूसपणा मीही करतो पण इथे नाही.

पहिलं इंप्रेशन खराब होतं. बाटलीला थेट नाक लावलं तर केळं बिळं काही नाही, सरळ नेलपॉलिशचा भपकारा आणि घशात खवखव. वाटलं फसलो. मग खाद्यतेलात एकास नव्याण्णव असं पातळ केलं, कागदाच्या पट्टीवर एक थेंब सोडला आणि थोडं थांबून वास घेतला, तेव्हा कुठे केळं आलं, आणि काय आलं! पाण्यात पातळ करायच्या फंदात पडू नका, लिटरभर पाण्यात जेमतेम २ ग्रॅम विरघळतं, बाकीचं वर तरंगतं. तेल नाहीतर अल्कोहोल, दोन्हीत छान मिसळतं. ग्लिसरीनमध्ये नाही.

प्रमाण सांगायचं तर किलोभर गोळ्यांना मी शुद्ध मालाच्या हिशोबाने ०.१ मिलीच्या आसपास घालतो, त्यातच खोली भरते. म्हणजे ५० मिलीत ५०० किलो गोळ्या. मला एवढ्या गोळ्या या जन्मात करायच्या नाहीत, पण छोटी बाटली ठेवतंय कोण.

आता गोळ्या करणाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. याचा उत्कलनबिंदू १४२ अंश सेल्सिअस, आणि कडक गोळीचा पाक १५० च्या आसपास जातो. उकळत्या पाकात थेंब टाकला की फस्स होऊन सगळा वास हवेत, गोळी फिकी ती फिकीच, आणि लोक म्हणतात एसेन्स नकली निघाला. त्याहून वाईट म्हणजे फ्लॅश पॉइंट साधारण २५ अंश, म्हणजे नेहमीच्या खोलीतही वरची वाफ पेट घेऊ शकते, आणि वाफ हवेपेक्षा साडेचार पट जड असल्यामुळे वर उडून न जाता ओट्यावरून सरकत बर्नरकडे जाते. मी गॅस पूर्ण बंद करतो, पाक ओतून कडा घट्ट व्हायला लागल्या की मग तेलात पातळ केलेलं घालून मळतो. जेली आणि आइस्क्रीमला ही कटकट नाही, थंड मिश्रणातच जातं.

(गंमत म्हणजे हेच जळणारं द्रव एकेकाळी प्रकाश मोजायला वापरायचे. जर्मनीत १८८४ मध्ये हेफ्नर-आल्टेनेकने अमाईल अ‍ॅसिटेटवर चालणारा दिवा काढला, ४० मिलिमीटर उंचीची ज्योत म्हणजे तीव्रतेचं एक एकक. आमच्या बाटलीचं साधं झाकण धड नाही आणि त्या काळी यावर मोजमापाचं प्रमाण उभं होतं.)

झाकणावरून पुन्हा ड्रॉपर. विक्रेत्याला पटावं म्हणून एक प्रयोग केला आणि त्याचा व्हिडिओ पाठवला. पॉलिस्टायरीनचा, म्हणजे तो कडक पारदर्शक डिस्पोजेबल प्लास्टिकचा चमचा घेतला, खोलगट भागात एक थेंब शुद्ध माल. बघता बघता चमचा धुरकट झाला, मग बोटाने दाबलं तर बोटाचे ठसे चक्क प्लास्टिकवर उमटले आणि काठ ताणल्यावर तार निघाली. याच बाटलीवरच्या लेबलची शाईसुद्धा ओघळाने पुसली गेलीय, बॅच नंबर आता वाचता येत नाही. मोजायला आता फक्त काचेची पिपेट, ती पण कोरडी. ओली पिपेट बुडवू नका, ओलावा आणि आम्ल मिळालं की हा एस्टर (आम्ल आणि अल्कोहोल जोडून बनलेलं संयुग) हळूहळू फुटून परत अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड आणि आयसोअमाईल अल्कोहोल होतं, आणि केळ्यामागून व्हिनेगरची झाक यायला लागते. सायट्रिक अ‍ॅसिड घातलेल्या सरबताचा वास काही काळाने उतरतो त्यातही याचा हात असतो.

अपडेट: वरचं सगळं लिहून ठेवलं होतं तेवढ्यात विक्रेत्याने बदली बाटली पाठवली. गडद काच, आणि झाकणाच्या आत टेफ्लॉनचं पांढरं अस्तर, ड्रॉपर नाहीच. कपाट उघडल्यावर आता वास येत नाही, आधी तर शेजारचा चहापत्तीचा डबासुद्धा केळ्याचा झाला होता. म्हणजे यांच्याकडे बरोबर झाकण होतंच! मग आधी का नाही दिलं? रेटिंग दोन स्टारवरून चारवर नेतोय, पाचवा त्या 'थंड जागी'वाल्या उत्तरासाठी कापला.

सेफ्टीचं म्हणाल तर खाण्यातल्या प्रमाणात घाबरण्यासारखं काही नाही, पिकल्या केळ्यात हेच असतं, यीस्टसुद्धा हे बनवतं, गव्हाच्या जर्मन बिअरला केळ्याचा वास येतो तो यामुळेच. पण शुद्ध द्रव ही वेगळी गोष्ट. हातावर सांडलं तर कातडी कोरडी पडते, डोळ्यात गेलं तर चांगलीच जळजळ, बंद खोलीत वाफ साचली की डोकं दुखतं. कारखान्यांसाठी अमेरिकेतली मर्यादा आठ तासांच्या सरासरीला १०० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग, आहे. आणि नाकावर भरवसा ठेवू नका, थोड्या वेळात नाक मरतं आणि वास गेला असं वाटतं, वाफ मात्र तिथेच. मास्क तोंडावर नीट बसतो की नाही हे तपासायला हाच वास वापरतात, तिथेसुद्धा वास ओळखता येतो का ही चाचणी वेगळ्या खोलीत घेतात ती याचसाठी.

मधमाश्यांचं पोळं जवळ असेल तर बाटली बाहेर उघडू नका, ही मस्करी नाही. माशी डंख मारते तेव्हा बाकीच्यांना बोलवायला जो वास सोडते त्यातला मुख्य घटक हाच, १९६२ मध्ये तो ओळखला गेला. मधमाश्या पाळणाऱ्यांनी कपड्यांवर सांडलं तर कपडे बदलूनच पेट्यांकडे जावं.

चवीबद्दल एक तक्रार उरतेच. एकट्याने वापरलं की केळं गोळीतलंच लागतं, सालीखालचं नाही. खऱ्या केळ्यात बाकीचे एस्टर असतात, शिवाय युजेनॉल, म्हणजे लवंगेतला मुख्य सुगंध. म्हणून एका घाण्यात लवंग तेल अगदी सुईच्या टोकावर येईल इतकंच घातलं, आणि तो प्लास्टिकसारखा टोकदारपणा बराच खाली बसला. जास्त झालं की दंतमंजन होतं, ते एका घाण्याचं झालंच. सध्या लवंग तेलही तेलात पातळ करून थेंबाथेंबाने वाढवतोय, जेलीत जमलंय, आइस्क्रीममध्ये अजून नाही.