क्षेपणास्त्र कुठे पाडावं: उडताना, अंतराळात की डोक्यावर आल्यावर?

एसएसबीची, म्हणजे सैन्यातल्या अधिकारी निवडीच्या मुलाखतीची, तयारी करणारी अमळनेर-पारोळ्याकडची पोरं येतात, तेव्हा एक प्रश्न ठरलेला असतो: "नाना, लांब पल्ल्याचं बॅलिस्टिक क्षेपणास्त्र नेमकं कुठे पाडावं?" गटचर्चेत एक बाजू धरावीच लागते. माझी कधीच ठरली आहे, पण तिन्ही बघून घ्या.

उडतानाच पाडणं कागदावर झकास. इंजिनाचा जाळ लांबून दिसतो. पण हाती तीन ते पाच मिनिटं, तीही शत्रूच्या दारात उभे असाल तर. अमेरिकेने बोइंग 747 वर लेझर बसवून 2010 मध्ये पाडूनही दाखवलं आणि पुढच्याच वर्षी प्रकल्प गुंडाळला.

अंतराळात वीसेक मिनिटं मिळतात. अलास्का आणि कॅलिफोर्निया या दोनच ठिकाणच्या 44 इंटरसेप्टरवर, म्हणजे येणारं क्षेपणास्त्र पाडणाऱ्या क्षेपणास्त्रांवर, अमेरिका अख्खा देश झाकू बघते. माझं घोडं अडतं ते इथे. वर हवा नाही, म्हणून खरं अस्त्र आणि सोबत सोडलेला पोकळ फुगा एकाच वेगाने चालतात. मी सैन्यात हवाई संरक्षणाच्या रडारवर होतो. पहाटे पाखरांचे थवे उठले की पडद्यावर ठिपकेच ठिपके. मागून साहेब विचारणार, "हे काय आहे?" आणि आपल्या घशाला कोरड. खाली ही गत, तर वर काय होईल? त्या वीस मिनिटांचं मला कौतुक नाही, ते यामुळे.

वातावरणात शिरलं की हवाच निवड करते. खळ्यावर दादर ज्वारी उपणताना वाऱ्याने भुसा बाजूला पडतो, तसे फुगे मागे राहतात. आपल्या एएडी या भारतीय इंटरसेप्टरने 2007 मध्ये साधारण 15 किलोमीटर उंचीवर लक्ष्य टिपलं. 2 नोव्हेंबर 2022 ला ओडिशाच्या किनाऱ्यावर चाचणी झालेलं एडी-1 हे इंटरसेप्टर तर वातावरणात आणि त्याच्या थोडं वरही मारण्यासाठी आहे.

खोट आहेच. वेळ मिनिटभरही नाही, आणि छत्री लहान. मोठी शहरं आधी झाकली जातील. जंक्शन आणि आयुध निर्माणी असूनही भुसावळचा नंबर कधी लागेल, देव जाणे.

तरी पैसा मोजकाच असेल, तर मी तो आधी रडार आणि खालच्या थरात घालीन. अंतराळातल्या संशोधनाला माझी ना नाही. चालू राहू द्या.