रात्रीची आकाशवाणी: साधा एएम सेट, डीआरएम की मोबाइल ॲप?

रात्री आठनंतर मीडियम वेव्हवर काटा फिरवला की हल्ली दोन तऱ्हेचे आवाज भेटतात. एक जुन्या ओळखीचा: दूरचं केंद्र जवळ येतं, लांब जातं, मागे तिसऱ्याच भाषेत कोणीतरी बोलत असतं. दुसरा एकसुरी आणि सपाट, न चढणारा न उतरणारा 'सर्रर्र'. तो ऐकून सेट बिघडला असं समजून दुकानात नेणारे लोक आहेत. सेट ठीक असतो. तो आवाज बहुतेक वेळा आकाशवाणीच्याच डिजिटल प्रक्षेपणाचा, म्हणजे डीआरएमचा (डिजिटल रेडिओ माँडियाल) असतो. साध्या सेटला त्यातलं काही उलगडत नाही, म्हणून ते खरखर होऊन बाहेर पडतं.

मग प्रश्न येतो पैसे कशावर घालायचे याचा. एक चांगला एएम सेट, म्हणजे जुनं साधं प्रक्षेपण पकडणारा, घ्यायचा, महागडा डीआरएम सेट घ्यायचा, की फोनवर ॲप टाकून मोकळं व्हायचं? तिघांचीही बाजू आहे, पण रात्रीपुरतं बोलायचं तर माझा कौल चांगल्या एएम सेटला आहे. का, ते समजायला आधी रात्री काय होतं ते पाहावं लागेल.

दिवसा साधारण ६० ते ९० किलोमीटर उंचीवरचा आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित पट्ट्याचा, 'डी' थर मध्यम लहरी शोषून घेतो. त्यामुळे दिवसा आपल्यापर्यंत पोचते ती जमिनीलगत येणारी लहर, म्हणजे जवळपासचीच केंद्रं. सूर्य मावळला की हा थर विरतो आणि लहरी त्याच्या वरच्या थरांवरून परतून शेकडो किलोमीटरवर उतरतात. पुण्यात बसून हैदराबाद (७३८ किलोहर्ट्‌झ), धारवाड (७६५), अहमदाबाद (८४६) ऐकायची मजा त्यातूनच आली. नागपूरच्या १५६६ किलोहर्ट्‌झवरचा दहा लाख वॉटचा प्रक्षेपक याच गुणावर चालायचा. १९८८ मध्ये सुरू झालेली आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी संध्याकाळपासून सकाळपर्यंत त्याच्यावरून देशभर ऐकू जाई. ती बंद करण्याचा निर्णय २०१८ च्या डिसेंबरात झाला.

आपल्याकडे ५३१ ते १६०२ किलोहर्ट्‌झच्या पट्ट्यात नऊ-नऊच्या अंतराने १२० जागा आहेत. दिवसा तुमच्या गावात त्यांतल्या बऱ्याच रिकाम्या वाटतात. रात्री जवळजवळ एकही रिकामी नसते.

इथे डीआरएम येतं. आकाशवाणीच्या पस्तीसेक मीडियम वेव्ह प्रक्षेपकांवर ही सोय बसवलेली आहे. आपल्या भागातले मुंबई, पुणे आणि पणजी त्यांत आहेत. एकच प्रक्षेपक मूळ जागेवर एएम पाठवतो आणि लागून असलेल्या जागेवर डिजिटल. दोन्ही मिळून १८ किलोहर्ट्‌झ, म्हणजे दोन घरं. पुण्याचं ७९२ घ्या. डिजिटल पट्टा वरच्या अंगाला असेल तर तो ८०१ वर बसतो, आणि ८०१ ही जबलपूरची जुनी जागा. दिवसा पुण्यात जबलपूर येतच नाही, तेव्हा कोणाचं काही बिघडत नाही. रात्री मात्र त्या जागेवर जे काही दुरून यायचं ते पुण्याच्या 'सर्रर्र'खाली गाडलं जातं. उलटही होतं: डिजिटल लहरसुद्धा आकाशातूनच प्रवास करते. अहमदाबाद, बंगळुरू, राजकोट यांच्या डिजिटल पट्ट्यांची खरखर महाराष्ट्रात उतरते, आणि तिथे तुमचं आवडतं लहानसं केंद्र असेल तर त्याच्यावर बसते.

एक बारीक गोष्ट इथे सांगायला हवी. डिजिटल भागाला प्रक्षेपकाच्या ताकदीचा लहान हिस्साच मिळतो, मोठा वाटा एएमकडे राहतो. म्हणून जवळच्या श्रोत्याला एएम ठणठणीत येतं आणि शेजारची खरखर फारशी जाणवत नाही. त्रास होतो तो दुबळ्या, दूरच्या केंद्राच्या चाहत्याला. काही केंद्रांनी दिवसातला थोडा वेळ फक्त डीआरएम चालवून पाहिलं आहे. त्या वेळी जुन्या सेटवर केंद्र गायबच होतं, उरते फक्त खरखर.

अमेरिकेत हा तंटा आपल्याआधी आणि जास्त कडू झाला. तिथली एचडी रेडिओ पद्धत एएम वाहिनीच्या दोन्ही बाजूंना डिजिटल पट्टे लावते, एकूण रुंदी सुमारे ३० किलोहर्ट्‌झ, आणि तिथल्या जागा दहा-दहाच्या अंतराने. म्हणजे दोन्हीकडचे शेजारी पकडले. तिथल्या नियामकाने २००२ मध्ये एएमला ही पद्धत दिली ती फक्त दिवसासाठी. रात्रीची परवानगी २००७ मध्ये आली आणि तक्रारीही सुरू झाल्या. बोस्टनच्या १०३० वरच्या मोठ्या केंद्राच्या डिजिटल पट्ट्याबद्दल न्यूयॉर्क राज्यातल्या १०४० वरच्या छोट्या केंद्राने केलेली तक्रार त्या वेळी गाजली. पुढे कित्येक केंद्रांनी स्वतःच रात्री डिजिटल बंद ठेवलं. मेरिलँडमधल्या फ्रेडरिकच्या ८२० वरच्या केंद्राने २०१८ मध्ये एएम पूर्ण सोडून निव्वळ डिजिटल सुरू केलं, आणि २०२० मध्ये ती मुभा सर्वांनाच मिळाली. न्यू जर्सीत राहणारा मराठी माणूस रात्री दूरची केंद्रं शोधत असेल तर तिथली खरखर डीआरएमची नाही, या एचडीची. उपाय मात्र तेच, खाली सांगितलेले.

त्या मानाने डीआरएमची मांडणी शेजारधर्माला धरून आहे: दोन्हीकडे सांडण्याऐवजी एकीकडे, ठरलेल्या जागेत. तक्रार तंत्राबद्दल कमी आणि रात्रीच्या गर्दीबद्दल जास्त करायला हवी.

आता तिन्ही पर्याय.

चांगला एएम सेट

चारपाचशे रुपयांच्या ट्रान्झिस्टरचा दोष आवाजात नसतो, निवडीत असतो. त्याची चाळणी ढगळ असते. ७९२ लावलं तरी आजूबाजूचं सगळं थोडंथोडं आत येतं. ज्या सेटवर बँडविड्थ, म्हणजे किती रुंद पट्टी आत घ्यायची ते, बदलता येते, ६, ४, ३, २ किलोहर्ट्‌झ अशी, त्यावर हा प्रश्न निम्मा सुटतो. टेकसन आणि एक्सएचडेटाच्या डीएसपी सेटांवर (आत डिजिटल चिप, पण पकडतात एएमच) ही सोय असते, आणि किंमत काही हजारांत बसते. पट्टी आखडली की आवाज गुदमरल्यासारखा होतो, गाण्याची चमक जाते, पण बातमीतला शब्दन्‌शब्द कळतो. रात्री मला तेवढं पुरतं.

दुसरी युक्ती फुकटची. केंद्रावर नेमकं न थांबता खरखरीच्या उलट बाजूला एक-दोन किलोहर्ट्‌झ सरका. डिजिटल पट्टा वर असेल तर खाली या. १०४४ चं केंद्र १०४२ किंवा १०४३ वर कधी कधी जास्त स्वच्छ लागतं. गोल बटणाच्या जुन्या सेटवर आपले आजोबा हेच हाताने करत होते. त्यांना कारण वेगळं होतं, एवढंच.

तिसरी, सेट फिरवणे. आतल्या फेराइट रॉडला, म्हणजे सेटच्या अँटेनाला, दिशा असते. रॉडचं टोक ज्या केंद्राकडे, ते केंद्र सर्वांत दुबळं. जवळच्या प्रक्षेपकाची खरखर जमिनीलगत एकाच दिशेने येते, तेव्हा सेट फिरवून तिला बरंच दाबता येतं आणि तिच्याखालचं दूरचं केंद्र वर येतं. आकाशातून उतरलेल्या खरखरीवर हा उपाय अर्धवट चालतो, कारण ती खाली येताना दिशेची शिस्त पाळत नाही.

आणि या सगळ्याच्या आधी घरातला कचरा काढा. स्वस्त एलईडी दिवे, फोनचा चार्जर, इन्व्हर्टर, सेट टॉप बॉक्स हे मध्यम लहरींचे डीआरएमपेक्षा मोठे वैरी आहेत. लोडशेडिंगमध्ये रेडिओ एकदम स्वच्छ लागतो हे ग्रामीण महाराष्ट्राला कोणी वेगळं सांगायला नको. खरखर सेल लावून गच्चीवर गेल्यावरही तशीच राहिली तर ती डिजिटलची. कमी झाली तर ती तुमच्याच घरातली.

डीआरएम सेट

जवळच्या केंद्रासाठी याचा आवाज खरोखर सुंदर असतो. मीडियम वेव्हवर भजन किंवा नाट्यगीत एफएमच्या जवळ जाणाऱ्या स्वच्छतेने ऐकणं हा अनुभव आहे, ते मी नाकारणार नाही. पडद्यावर केंद्राचं नाव, कधी बातम्यांचा मजकूर येतो, आणि एकाच वाहिनीवर एकाहून अधिक कार्यक्रम बसतात.

रात्री मात्र याचा स्वभाव आड येतो. एएम हळूहळू मरतं. आवाज खोल जातो, कान टवकारले की वाक्य पुरं होतं. डीआरएम असतं किंवा नसतं. संकेत ठरावीक पातळीखाली गेला की शांतता, आणि पुन्हा जुळायला काही सेकंद. जमिनीलगतची लहर आणि आकाशातून परतलेली लहर जिथे सारख्याच ताकदीने भेटतात तिथे हे वरचेवर होतं. प्रक्षेपकापासून ती जागा किती लांब, हे जमिनीवर आणि फ्रिक्वेन्सीवर अवलंबून असतं. शंभरेक किलोमीटरच्या पुढच्या गावांनी ही शक्यता धरूनच चालावं. आकाशलहरीसाठी डीआरएममध्ये जास्त चिवट पद्धती आहेत, पण आपली मीडियम वेव्ह केंद्रं मुख्यतः आपल्या परिसराला धरून चालतात. पुण्यात बसून डिजिटल अहमदाबाद रोज रात्री सलग ऐकेन, अशी आशा धरून हा सेट घेऊ नये.

किंमतही बघा. भारतात विकले गेलेले सुटे डीआरएम सेट दहा हजारांच्या आसपास आणि वर गेलेले आहेत, आणि सेलांवर ते साध्या सेटाइतके टिकत नाहीत. वेगळी गोष्ट गाडीची. मारुती सुझुकी, ह्युंदाई, महिंद्रा, टोयोटा यांच्या काही मॉडेलांत डीआरएम कारखान्यातूनच बसवून येतं आणि कित्येक मालकांना ते आपल्या डॅशबोर्डात आहे हेच ठाऊक नसतं. असेल तर जरूर वापरा. रात्री मुंबईहून पुण्याला येताना बोगद्यांत ते गप्प होईल, एएमही तिथे गप्पच होतं.

ॲप

न्यूजऑनएअर ॲपवर आकाशवाणीच्या दोनशेच्या वर वाहिन्या आहेत, आणि आयनांबराशी त्याचा संबंध नाही. सांगलीचा माणूस बंगळुरूत असो की दुबईत, त्याला आपलं केंद्र सारखंच लागतं. ज्याला फक्त कार्यक्रम ऐकायचा आहे, लहरींशी देणंघेणं नाही, त्याने इथेच वाचन थांबवून ॲप टाकावं.

डेटाची काळजी फारशी नाही: ६४ केबीपीएसचा प्रवाह धरला तर तासाला साधारण २९ एमबी. उशीर मात्र आहे. बातम्यांआधीचे पिप एएमवर घड्याळाला धरून वाजतात, डीआरएमवर काही सेकंद मागून, ॲपवर त्याहूनही मागून. क्रिकेटचं समालोचन ऐकत असाल आणि शेजारी एएम लावून बसले असतील, तर विकेट पडल्याचं तुम्हाला शेजाऱ्यांच्या ओरडण्यावरून कळेल. पूर आला, वादळात टॉवर गेला, वीज गेली, तर ॲप सगळ्यात आधी पडतं आणि दोन सेलांवरचा ट्रान्झिस्टर सगळ्यात शेवटी. कोकणात राहणाऱ्याने हे एक कारण वेगळं मोजावं.

कोणी काय घ्यावं

घर मुंबई, पुणे किंवा पणजीच्या प्रक्षेपकाजवळ आहे, आपलं एकच केंद्र संध्याकाळी तिसऱ्या सभेत सुरेल ऐकायचं आहे आणि खर्चाची फिकीर नाही: डीआरएम. त्यातही पैसे देण्याआधी सेट अंधार पडल्यावर स्वतःच्या घरात लावून बघू देणाराच विक्रेता निवडा. दुपारी दुकानात तो छानच वाजणार.

काटा फिरवत दूरचं काही हाती लागतं का हे बघण्यात ज्याची रात्र जाते त्याने बँडविड्थ बदलणारा एएम सेट घ्यावा, आणि ९ किलोहर्ट्‌झची पायरी निवडलेली आहे ना ते पहिल्याच दिवशी तपासावं. सेट १० वर राहिला तर आपली बहुतेक केंद्रं नेमक्या जागी सापडतच नाहीत. अशा माणसाने डिजिटलवर पैसे घालू नयेत. त्याची अडचण डिजिटलमुळे झाली आहे आणि डीआरएम सेट ती सोडवत नाही. तो फक्त खरखर करणाऱ्या केंद्राचा कार्यक्रम ऐकवतो.

घरात म्हातारी माणसं असतील तर त्यांचा जुना सेट काढून हातात ॲप देण्याची घाई करू नका. सेट राहू द्या, ॲप शेजारी ठेवा. आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीने जुने एएम प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद करत आणले आहेत, त्यामुळे तुमचं केंद्र मीडियम वेव्हवर अजून आहे की एफएमवर गेलं, हे सेट घेण्यापूर्वी एकदा रात्री कोणाच्या तरी उसन्या ट्रान्झिस्टरवर लावून बघा.